हुंकाऱ्याला जागा

परवा एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "ताई, यंदा तुमची कथा हवीच. विषय तुम्ही ठरवा, फक्त लवकर द्या." मी मोठ्या उत्साहाने हो म्हटलं, फोन ठेवला आणि तेव्हापासून घरातली तुंबलेली सगळी कामं उरकून टाकली आहेत. मसाल्याचे डबे घासले, पडदे धुतले. वर्षभर ज्यांची विचारपूस केली नव्हती अशा नातेवाइकांना फोन केले, तर त्यांनी घाबरून मलाच विचारलं, सगळं ठीक आहे ना? लिहायला मात्र बसवत नाही. बसले की उठावंसं वाटतं, आणि उठून गॅलरीत गेले की आतमध्ये काहीतरी अर्धवट टाकून आल्यासारखं वाटत राहतं.

हे दरवर्षीचंच आहे. श्रावण सरत आला की माझ्या जिवाला स्वस्थता नसते. गॅलरीतून खाली पाहिलं तर साड्यांचे गठ्ठे रचलेले टेम्पो जाताना दिसतात. सुरतेत या दिवसांना नुसतं सीझन म्हणतात. कसला सीझन, असं इथे कोणी विचारत नाही. दिवाळीच्या साड्या देशभर जायच्या असतात आणि सगळं शहर त्यापायी धावत असतं. नेमके हेच दिवस मराठी मासिकांना दिवाळी अंकांचं साहित्य पाठवण्याचे. नव्वदीच्या दशकात, मी अठरा-एकोणीस वर्षांची असताना, हे दोन्ही सीझन माझ्या घरात एकदमच शिरायचे आणि एकमेकांच्या पायात पाय घालायचे. त्यातल्या एका वर्षाचं मी आजही काही करू शकलेले नाही. ते वर्ष अजून माझ्याबरोबर या घरात येरझाऱ्या घालतं.

सुरतेच्या कडेला, भेस्तानच्या अलीकडे आमची खोल्यांची रांग होती. वडील मागावर कामाला. मागांच्या कारखान्याला आम्ही खातं म्हणायचो, आणि रांगेच्या पाठीला पाठ लावून दोन खाती होती, त्यामुळे खटखट कधी थांबायची नाही. आम्ही त्या आवाजावर आवाज चढवून बोलायला शिकलो. अजूनही फोनवर मी ओरडते असं माझी मुलं म्हणतात. सीझनमध्ये बायकांच्या हाताला धागे कापायचं काम असायचं. भरतकामाच्या साड्या मशीनवरून उतरल्या की त्यांच्या उलट्या बाजूला एका बुट्ट्यापासून दुसऱ्या बुट्ट्यापर्यंत सुटे धागे लोंबत असतात. ते बारक्या कात्रीने कापायचे, कापड न कापता. दुपारी जेवणं झाली की सगळ्याजणी ओट्यावर साड्या पसरून बसायच्या. माझी माय, शेजारची सखूमासी, पलीकडच्या खोलीतली हिंगोलीकडची लतावहिनी, आणि मी. सखूमासी नात्याने माझी कोणीच नव्हती. आमच्यासारखीच धुळ्याकडून आलेली, आणि सुरतेत येऊन मावशीची मासी झालेली.

"निमी, सांग वं काही," ती म्हणायची. "हात चाली राहिनात, पन डोकं रिकामं शे."

मग मी सांगायची. काहीही. खरं-खोटं एकत्र कालवून. आमच्याकडे गोष्ट सांगायची एक रीत होती, आणि ती मायने तिच्या मायकडून आणली होती. ऐकणाऱ्यांतल्या एकीने हुंकारा द्यायचा. प्रत्येक वाक्याला 'हं' म्हणायचं. हुंकारा थांबला की गोष्ट थांबली पाहिजे, असा नियमच होता. माय म्हणायची, हुंकाऱ्याशिवाय सांगितलेली गोष्ट वाट चुकते आणि रात्री भलत्याच्या घरी जाऊन बसते. सखूमासीसारखा हुंकारा मी पुन्हा कोणाचा ऐकला नाही. तिच्या एका 'हं'मध्ये पुढे चल असायचं, दुसऱ्यात थापा मारू नकोस असायचं, आणि कधी कधी ती नुसता श्वास आत घ्यायची, की मला कळायचं, आता इथे थोडं थांबायचं. मी तिच्याकडे बघत बघत गोष्ट वळवायची. आपण हे कुठे शिकलो असं मला कोणी विचारलं तर मी सभ्यपणे दोन-चार मोठी नावं सांगते, पण खरं म्हणजे मी सखूमासीच्या चेहऱ्यावर शिकले.

त्या दिवसांत सगळ्यांची लाडकी गोष्ट होती हिलालभाऊची. हिलालभाऊ खात्यात विणून झालेला ताका खांद्यावर टाकून वरच्या मजल्यावर नेऊन द्यायचा. ताका म्हणजे कापडाची लांबलचक गुंडाळी, चांगली वजनदार. मी हिलालभाऊला त्या ताक्याशी बोलायला लावलं होतं. तो प्रत्येक पायरीवर ताक्याला घरच्या तक्रारी सांगायचा, सासूच्या, पाण्याच्या, गावाकडच्या भावाच्या, आणि वर पोचेपर्यंत त्याचं मन हलकं व्हायचं आणि ताका जड. हे मी रोज नव्याने सांगायची. बायका हसून हसून कात्र्या खाली ठेवायच्या. खरा हिलालभाऊ समोरून गेला की लतावहिनी विचारायची, "काय भाऊ, आज काय सांगितलं म्हनं ताक्याला?" आणि तो बिचारा काही न कळून हसायचा.

मला किती आनंद व्हायचा ते आता लिहून सांगता येणार नाही. त्याला आनंद म्हणतात हेसुद्धा तेव्हा माहीत नव्हतं.

मग छापून येण्याचं वेड शिरलं. वडिलांनी कोणाकडून तरी जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा आणला होता. ते मी अधाशासारखे वाचले. गोष्टीच्या वर कथेचं नाव आणि खाली लेखकाचं, ठळक अक्षरांत. तिथे माझं नाव कसं दिसेल ते मी करून बघायची, अंगठ्याने मूळ नाव झाकून. मला ते हवं होतं. जीव टाकून हवं होतं. त्यात काही वाईट होतं असं मी आजही म्हणणार नाही. आमच्या रांगेतलं कोणाचं नाव कधी कुठे छापलं गेलं नव्हतं, आणि माझ्या वडिलांचं आडनाव छापील अक्षरांत यावं, ते कोणीतरी पुण्यात, नागपुरात बसून वाचावं, ही इच्छा मला अजूनही भाबडी वाटत नाही.

गडबड झाली ती वेगळीच. ते अंक वाचून माझी खात्री पटली की आपली भाषा छापण्याजोगी नाही. मग मी सफाईला लागले. ओट्याची ओसरी केली. मासीची मावशी केली. आमची अहिराणी तर उंबऱ्याबाहेरच ठेवली. कथेत अंगणात प्राजक्त लावला, जो मी कधी पाहिला नव्हता. लोक बशीतून चहा प्यायचे बंद झाले. आणि छापील कथेत कोणी हसत नाही, असा माझा ठाम समज झाला होता, म्हणून मी सगळ्यांना दुःखी करून टाकलं. हिलालभाऊचं नाव सदानंद ठेवलं आणि त्याला जिन्यात उभं करून आकाशाकडे बघायला लावलं. आमच्या खात्याच्या जिन्यातून आकाश दिसतच नाही.

कथा पाठवताना सोबत स्वतःचा पत्ता घातलेला, तिकिटं लावलेला लिफाफा जोडायची पद्धत होती, नापसंत कथा परत यावी म्हणून. माझ्या कथा इमानाने परत यायच्या. वर छापलेली बारीक चिठ्ठी, साभार परत. पाकिटावर माझंच अक्षर, माझाच पत्ता. आमच्या गुजराती पोस्टमनला काही दिवस कोडं पडलं, मग त्याने विचारूनच टाकलं, "बेन, तमे पोतेज पोताने कागळ लखो छो?" तुम्ही स्वतःच स्वतःला पत्रं लिहिता का? ओट्यावर बसलेल्या सगळ्याजणी हसल्या. मीही हसले, आणि आत जाऊन रडले.

त्या पावसाळ्यात मी ओट्यावर गोष्टी सांगणं बंद केलं. सांगितली की गोष्ट वापरली जाते, मग कागदासाठी ती शिळी उरते, असं मला वाटायला लागलं होतं. साठवून ठेवायला हवी. बायका विचारायच्या, मी काम आहे म्हणायची. काम तर त्याही करतच होत्या. मी साडी घेऊन आत बसायची आणि धागे कापता कापता डोक्यात वाक्यं घासत राहायची. हे पुण्याला चालेल का, ते पुण्याला चालेल का. पुण्याला मी तेव्हा एकदाही गेले नव्हते. कात्री चालायची आणि जीव कुठेच लागायचा नाही. धाग्याबरोबर कापडही कापलं जायला लागलं, आणि साड्या द्यायला येणारा माणूस कुरकुरायला लागला.

"तुले काय व्हयनं वं?" माय म्हणायची. "पहिले तुन्हं तोंड बंद नही व्हये. आते शबद नही निंघत."

एकदा मात्र मलाच राहवलं नाही. सदानंदाची कथा लिहून झाली होती, पाठवायच्या आधी कोणाला तरी ऐकवावी असं वाटलं. ओट्यावर बसून वाचली. सखूमासीने सवयीप्रमाणे तोंड उघडलं. पहिल्या वाक्याला हं म्हणाली. दुसऱ्याला म्हणायला गेली आणि थांबली, कारण वाक्य संपलंच नव्हतं, ते प्राजक्तावरून आकाशाकडे निघालं होतं. मी वाचत राहिले. कात्र्यांचा आवाज येत राहिला. वाचून झालं. मग सखूमासी खरोखरच्या काळजीने म्हणाली, "यामा हुंकारा कोठे दिऊ वं मी? तू जागाच ठेवी नही."

मला तिचा राग आला. हिला काय कळतंय, असं मनात म्हटलं आणि कथा पाकिटात घातली.

आता कोणी नवीन लिहिणारी मुलं भेटायला येतात तेव्हा हमखास एक प्रश्न विचारतात. ताई, छापून येण्याची घाई असते, स्पर्धा असतात, लोक काय म्हणतील ते असतं, यात लिहिण्यातली मजा कशी टिकवायची? मागच्या महिन्यात एका मुलीने हे इतक्या कळवळून विचारलं की मला उत्तर देणं भाग पडलं. मी म्हटलं, छापण्याचा विचार नंतर करायचा, आधी स्वतःसाठी लिहायचं. तिने ते मन लावून टिपून घेतलं. ती गेल्यावर मी दारातच उभी राहिले. स्वतःसाठी म्हणजे कोणासाठी? मला तर एकटीला कधीच काही सांगायचं नव्हतं. समोर कोणीतरी हवंच होतं. फक्त ते कोण, यात माझी गल्लत झाली होती. पण एवढं सगळं दारात सुचलं, आणि तोपर्यंत ती रिक्षात बसून गेली होती.

तर सदानंदाची कथा परत आली नाही. पोस्टकार्ड आलं. कथा स्वीकारली आहे, सुरतेसारख्या ठिकाणी राहूनही आपण भाषा शुद्ध राखली आहे याचं कौतुक वाटलं. वडिलांनी ते कार्ड खात्यात नेलं. दिवाळीच्या थोडं आधी, सीझन अगदी ऐन भरात असताना, अंक आला. माझं नाव होतं. ठळक होतं. मी ते बोटाने चाचपून बघितलं, आणि मग वाचायला लागले, आणि तिसऱ्या परिच्छेदाला अडखळून तेच वाक्य पुन्हा वाचलं.

मी सगळी सफाई केली होती, पण एक शब्द राहिला होता. ताका. तो मराठी नाही हे मला ठाऊकच नव्हतं. जन्मल्यापासून ऐकत आलेला शब्द परका असेल अशी शंका कोणाला येते? मराठीत त्याला तागा म्हणतात, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. तिकडच्या मुद्रितशोधकाने ताका कधी ऐकला नसणार. त्याला वाटलं, मुलीने ताकाला काना जास्त दिला. त्याने तो काढला. आणि माणूस निगुतीचा असावा, कारण त्याने पुढचं व्याकरणसुद्धा जुळवून दिलं होतं. 'खांद्यावर ताक घेऊन सदानंद जिना चढू लागला. ताक जड होतं.' आणि कथेचा शेवट, ज्याच्यासाठी मी आठवडे घालवले होते: 'त्याच्या हातून ताक निसटलं आणि पायऱ्यांवरून उलगडत, उलगडत खाली गेलं.'

मी वडिलांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "छापेल शे ना? मंग बरोबरच व्हई." आणि अंक घेऊन शेजाऱ्यांना दाखवायला निघाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका अभिमान होता की मला त्यांना अडवता आलं नाही. मी मायला सांगितलं, आता मी लिहिणार नाही. संपलं. मायने हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहिलं. रागाने बोलले नव्हते, म्हणून तिला भीती वाटली असावी. मला खरंच काही लिहावंसं वाटत नव्हतं, आणि ते न वाटणं इतकं शांत होतं की त्याचीच बेचैनी येत होती.

पण बातमी रांगभर झाली होती. दुपारी सखूमासीने अंक माझ्या मांडीवर ठेवला. "वाच." मी नाही म्हटलं. लतावहिनी म्हणाली, "आगं, छापून आलंय अन् आमाला ऐकवना व्हय?" सुटका नव्हती. मान खाली घालून, भराभरा, कोणाला कळू नये अशा बेताने मी वाचायला लागले. ताकाच्या पहिल्या वाक्याला मी आवाज आणखी खाली घेतला. पण मागांच्या खटखटीत ऐकायची सवय असलेले कान ते.

"थांब वं," सखूमासी म्हणाली. "काय लिसन चढना तो?"

"ताक," मी म्हटलं.

"खांदावर?"

"हो."

"मडकामा का?"

मी पुढे वाचलं. ताक जड होतं. लतावहिनीने पदर तोंडाशी नेला. ताक निसटलं. ताक उलगडत खाली गेलं. आणि मग त्या सगळ्या फुटल्या. "ताक उलगडस का वं?" सखूमासीचा आवाज हसण्याने चिरकला. लतावहिनी म्हणत होती, "ताक सांडत आस्तंय गं बाई, उलगडतंय कसं?" माय पण हसत होती, आणि माझ्याकडे चोरून बघत होती. माझे डोळे भरून आले होते. आता उठून आत जावं, दार लावून घ्यावं, असं मी ठरवलंही होतं.

तेवढ्यात सखूमासीने डोळे पुसले आणि अगदी सहज विचारलं, "मंग? खाले कोन उभं व्हतं?"

मी काही विचार केला नाही. तोंडातून निघून गेलं, "शेठ."

"हं."

"नवा पांढरा सफारी घालीसन उभा व्हता."

"हं!"

"पुरं ताक त्याना डोकावर."

सखूमासीने श्वास आत घेतला. मी थांबले. तिच्याकडे बघितलं. कात्र्या बंद होत्या.

"शेठनी जीभ बाहेर काढी," मी म्हटलं, "ओठ चाटा. आनी वरे दखीसन बोलना, मीठ कमी शे."

त्यानंतरचा वेळ मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की शेठने हिलालभाऊला मिठासाठी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कामरेजला पिटाळलं, सदानंद केव्हाच पुन्हा हिलालभाऊ झाला होता, आणि ते ताक पायऱ्या उतरून, फाटक ओलांडून, हायवेवर लागलं होतं. साड्या न्यायला टेम्पो आला तेव्हा निम्म्या साड्यांचे धागे तसेच लोंबत होते. तो माणूस "सीझन छे बेन, सीझन छे" असं ओरडत राहिला आणि कोणी त्याच्याकडे बघितलं नाही.

ही गोष्ट मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्यांना वाटतं, इथे सगळं ठीक झालं. तसं नव्हतं. संध्याकाळी बायका आत गेल्यावर मी अंक घेऊन ओट्यावर बसून राहिले, आणि मला दोन्ही गोष्टींचं एकाच वेळी वाईट वाटत होतं. माझं छापलेलं माझं नव्हतं, आणि जे माझं होतं ते टेम्पोच्या धुराबरोबर निघून गेलं होतं. ओट्यावरची गोष्ट ओट्यावरच विरते. मला ती टिकायला हवी होती. छापून यायला हवी होती, हो, अजूनही. फक्त हुंकाऱ्याची जागा ठेवून कागदावर कसं लिहायचं ते मला येत नव्हतं, आणि येईल याची काही खात्री नव्हती. आजही प्रत्येक नवा कागद समोर घेताना ती खात्री नसते. मायला मी लिहिणार नाही असं सांगितलं होतं, ते खरं ठरेल असं त्या संध्याकाळी वाटलं.

मग दिवाळी आली. खाती बंद झाली. सुरतेत दिवाळीच्या सुट्टीत माग थांबतात तेव्हा आधी कानात कळ येते, मग हळूहळू लक्षात येतं की कावळे आहेत, नळ गळतो आहे. आमची रांग गावाकडे गेली. सखूमासी धुळ्याला, लतावहिनी हिंगोलीला. त्या वर्षी खात्याची राखण वडिलांकडे होती म्हणून आम्ही तिघंच मागे राहिलो. दुपारचं जेवण झालं. मी सवयीने ओट्यावर जाऊन बसले. सगळ्या दारांना कुलपं. ऐकायला कोणी नव्हतं आणि ओरडून सांगायची गरजही नव्हती.

जवळ पाठकोरे कागद होते, परत आलेल्या कथांचेच. एक उलटा केला. आणि लिहिलं की हिलालभाऊ खांद्यावर ताका घेऊन जिना चढत होता. ताकाच लिहिलं, काना ठळक केला. पुढचं वाक्य लिहायच्या आधी पेन थांबलं. समोरच्या कुलूप लावलेल्या दाराकडे बघितलं, आणि मला स्पष्ट कळलं की इथे सखूमासी काय विचारेल. ते मी लिहिलं नाही, पण त्याचं उत्तर लिहिलं. मग तिने आणखी विचारलं. मग लतावहिनी मध्ये बोलली. ताक्याने हिलालभाऊच्या सासूबद्दल असं काही म्हटलं, जे मी स्वतः पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मला एकदम जोरात हसू फुटलं. खटखट नव्हती, त्यामुळे ते हसू रिकाम्या रांगेत पार टोकापर्यंत गेलं.

आतून भांडी घासायचा आवाज थांबला.

"कोन उनं वं?" मायला वाटलं कोणी आलंय.

"कोनीच नही."

"हासस कोनासंगे तू?"

मला तिला सांगायचं होतं, पण वाक्य अर्ध्यावर होतं.